दुर्गव्वानं सपाट केलेलं मैदान

बसा, सांगते. आमच्या कातळवेढ्यात तेव्हा सपाट जागा एकच होती, गोऱ्या पलटणीच्या कॅम्पात. तिथं शिपाई अंड्यासारखा लांबट चेंडू काखेत धरून धावायचे, एकमेकांना लोळवायचे. त्याला रग्बी म्हणतात. आमची पोरं ते बघून यायची आणि गावावरच्या उतारावर चिंध्यांचा चेंडू करून तसंच खेळायची. खेळ कसला, नुसती डोकी फुटायची.

त्याच उतारावर दुर्गव्वा वडारीण दगड फोडायची. अंगानं थोराड, आवाज डोंगरापल्याड जाणारा. एकदा पोरं रक्तानं माखून खाली आली, तशी ती म्हणाली, "रडताय कशाला रं? जागा पायजे न्हवं? म्या करते!"

आणि तिनं उतार फोडायला घेतला. असं म्हणतात, तिचा घण पडला की कॅम्पातली घोडी खिंकाळायची.

शेवटी हत्तीएवढी एक धोंड उरली. दुर्गव्वानं पहार घातली, धोंड सुटली, पण मागच्या खाणीच्या खड्ड्यात जायची ती गावाकडे कलली. खाली घरं, घरांत म्हातारी माणसं. दुर्गव्वानं घण टाकला आणि धोंडेला खांदा लावला.

"पळू नगा!" ती ओरडली. "माज्या मागं या, खांदा लावा!"

जे लोक तिला ओंजळीत वरून पाणी वाढायचे, तेच आधी धावले. तेली आले, कोष्टी आले, पाटील पागोटं टाकून आले. कॅम्पातून गोरे शिपाईही आले आणि रग्बीत एकमेकांना रेटायला वाकतात तसे हात गुंफून वाकले. असं म्हणतात, सगळ्या गावानं मिळून एकच श्वास घेतला. धोंड थांबली, मागं सरली आणि खड्ड्यात गेली. आणि इतक्या पायांनी रेटा दिल्यावर उतार काय करणार? दबून ताटासारखा सपाट झाला.

पाटलांनी स्वतःच्या हातानं तिला तांब्या दिला. "दुर्गव्वा, आता काय हवं ते माग."

ती पाणी प्याली, तोंड पुसलं. "काय नगं. खेळा की आता!"

आजही आमच्याकडे सामन्याआधी दोन्ही संघ समोरासमोर उभे राहत नाहीत. सगळे एका बाजूला येतात, हात गुंफून वाकतात आणि ओरडतात, "दुर्गव्वा, लाव खांदा!" बाहेरगावची पोरं पहिल्यांदा हसतात. मग वाकतात. शिट्टी त्यानंतरच वाजते.