दरीत अडकलेला सातचा पाढा

सरका जरा, मला टेकू द्या. आणि पांघरुणावरून भांडलात तर गोष्ट इथेच बंद, आधीच सांगून ठेवते.

तर डोंगरापलीकडे एका राजाचं राज्य होतं. त्या राज्यात सगळ्यांत एकटं कोण होतं, सांगा बघू? गोसावी? छे! गोसाव्याला निदान त्याचं कुत्रं तरी असतं. सगळ्यांत एकटी होती राजाचीच लेक. तिचं नाव येसू. पण येसू म्हणायला होतं कोण? आई देवाघरी गेलेली. राजा बारा महिने मोहिमेवर. दासी म्हणायच्या, "बाईसाहेब, जेवून घ्यावं. बाईसाहेब, आता निजावं." एवढा मोठा राजवाडा, पण त्यात तिला कुणी 'अगं' म्हणेल तर शपथ!

मग एकदा राजाने निरोप धाडला, लेकीला शाळेत घाला, तिला हिशोब आला पाहिजे. गावात तात्या पंतोजींची शाळा होती, चिंचेच्या झाडाखाली. मुलं खाली सारवलेल्या जमिनीवर बसायची, आणि येसूला मात्र चंदनाचा पाट. तोही लांब. ती जरा जवळ सरकली की मुलं अंग चोरून मागे सरकायची. करतील काय बिचारी? आयांनी दम भरला होता, "राजाच्या लेकीला धक्का लागला तर याद राखा." कुंभाराची भागी तर येसू दिसली की वाटच बदलायची.

आता त्या शाळेत पाढे कसे म्हणायचे, ऐका. एकाने पुढे उभं राहायचं आणि सांगायचं, "सात एके सात." मग बाकीच्यांनी एका दमात मागून म्हणायचं, "सात एके सात!" पुढचा जिकडे नेईल तिकडे मागचे जायचे. असा गलका व्हायचा म्हणता, चिंचेवरचे कावळे उडून जायचे.

येसूला तो गलका फार आवडायचा. तेवढ्यापुरती ती सगळ्यांच्यात असायची ना! पण खरं सांगू? तिला पाढा येतच नव्हता. ती नुसते ओठ हलवायची. एवढ्या गलक्यात कोण कुणाचं ऐकतंय? दगडू चुकला की पंतोजी त्याचा कान पिळायचे. भागी चुकली की तिला ओणवं उभं करायचे. येसूला मात्र कोण विचारणार? पंतोजी तिच्यासमोरून नुसते हसत हसत पुढे जायचे. येसूला वाटायचं, एकदा तरी आपला कान पिळावा कुणीतरी. पण कुणी पिळला नाही, आणि 'मला येत नाही' हे काही तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

गावामागे एक दरी होती. दरीत राहायची घुमाबाई. घाबरायचं नाही हं, राक्षसीण नव्हती ती. करडी, ओलसर, धुक्यासारखी होती, आणि तिला स्वतःचा आवाजच नव्हता. कुणी ओरडलं तर तेवढंच परत म्हणायची. पण दरीत येऊन ओरडणार कोण? वर्षानुवर्षं बिचारी गप्प. रोज सकाळी पाढ्यांचा गलका तिच्या कानावर यायचा आणि तिचा जीव नुसता तुटायचा. शेवटी एके दिवशी तिला राहवेना. सातचा पाढा ऐन रंगात आला होता, तेवढ्यात ती धुकं होऊन चिंचेखाली शिरली आणि सगळेच्या सगळे आवाज गोळा करून घेऊन गेली.

दगडूने तोंड उघडलं, आवाज नाही. पंतोजी ओरडायला गेले, ओरडणं बाहेर येईना. मुलं घाबरून घरी पळाली. आईला हाक मारायला गेली, तर हाकच नाही! गावभर आया छाती पिटून रडायला लागल्या, आणि लेकरं त्यांच्या मांडीवर मुकी मुकी रडत बसली.

शाळेत आवाज राहिला एकटीचा. कुणाचा? अगदी बरोबर, येसूचा. तिने आवाज काढलाच नव्हता, तर घुमाबाई नेणार काय, कप्पाळ?

येसूने धुकं दरीत उतरताना पाहिलं होतं. मग ती एकटीच मागोमाग दरीत गेली आणि म्हणाली, "आमच्या शाळेचे आवाज परत दे."

घुमाबाई बोलली, आणि येसूच्या अंगावर काटाच आला. कारण पहिलं वाक्य आलं दगडूच्या आवाजात. "न्यायचे तर ने की!" दुसरं आलं पंतोजींच्या आवाजात. "पाढा सांगणारा पुढे, आवाज मागे. सातचा पाढा न चुकता सांग, म्हणजे येतील तुझ्यामागून." आणि तिसरं आलं भागीच्या आवाजात, अगदी लाडात. "पण तीनदा चुकलीस तर आवाज कायमचे इथले, बरं का येसू."

येसू! किती काळाने कुणी तिला येसू म्हणालं! तिचे डोळेच भरून आले. ती सांगू लागली, "सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक..." आणि पुढे? पुढे काय, नुसते ओठ हलले. आवाज तिथेच राहिले.

मग येसूने वर येऊन घुमाबाईची अट सांगितली, आणि पंतोजींनी तिला पाटीवर पाढा लिहून दिला. येसू राजवाड्यात जाऊन बसली आणि घोकत राहिली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून भिंतीलाच ऐकवला. पोपटासारखा पाठ झाला. मग दुसऱ्यांदा दरीत गेली. भराभर सांगत सुटली, आणि आवाज खरंच मागे चालू लागले. सात पंचे पस्तीसपर्यंत आली असेल नसेल, तेवढ्यात कानाशी भागीचा आवाज आला. "दमलीस गं येसू? बस ना माझ्याजवळ. गावात तुझ्याशी बोलतंय कोण? इथेच राहा. तू म्हणशील त्याच्या आवाजात मी दिवसभर तुझ्याशी बोलेन."

खोटं काय होतं त्यात? येसू थांबली. मग बसलीच. भागीचा आवाज म्हणाला, "तुझे केस किती छान गं!" दगडूचा आवाज म्हणाला, "चल, लपंडाव खेळू." येसू हसली सुद्धा. लेकरू बिचारं, किती दिवसांनी हसलं. मग वरून, गावातून, कुणाच्या तरी आईचा हुंदका ऐकू आला, तशी ती दचकून उठली. पण पाढा कुठवर आला होता? घोकलेलं असंच असतं, मेलं! धागा तुटला की सगळे मणी घरंगळतात. ती म्हणाली, "सात सक... चाळीस?" चुकलं. आवाज आले तसे मागे गेले.

आता एकच खेप उरली.

येसू चिंचेखाली आली. मुलं तिथे गप्प बसून होती. ती त्यांच्यापुढे उभी राहिली. मग ती म्हणाली, "मला पाढा येत नाही. कधीच येत नव्हता. मी नुसते ओठ हलवायचे."

मुलं बघतच राहिली. खो खो हसली असती हो, पण हसायला आवाज कुठला?

मग भागी उठली. तिने ओच्यातून चिंचोके काढले आणि सात चिंचोक्यांची ओळ मांडली. खाली आणखी सातांची. येसूचं बोट धरून एकेकावर ठेवलं. येसूने मोजले, चौदा. आणखी एक ओळ, एकवीस. येसू म्हणाली, "अगं बाई! म्हणजे दर ओळीला सातच वाढतात होय?" भागीने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्याला काही आवाज लागत नाही. भागीचे चिंचोके संपले तसे दगडूने आपले ओतले. आणि येसू एकदा चुकली, तेव्हा त्याने चक्क तिचा कान पिळला.

दरीत मात्र एकटीनेच जायचं होतं. सांगणारा एकच असतो ना.

येसू सांगत निघाली आणि आवाज मागून म्हणत निघाले. दरी चढताना ती सात सक बेचाळीसला आली, आणि पुन्हा तो भागीचा आवाज. या वेळी रडवेला. "नको ना जाऊ, येसू. वर गेलीस की हे आवाज ज्याच्या त्याच्या तोंडात जातील. तुला हाक कोण मारणार? होतीस तशी एकटी राहशील."

आणि हे येसूला खरंच वाटलं, तिथेच तर सगळी पंचाईत होती! पुढचं सगळं विसरली. पण तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात बेचाळिसाखाली एक ओळ मांडली. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस... आणि रडत रडतच म्हणाली, "सात साते एकोणपन्नास!"

मग ती थांबली नाही. सात दाहे सत्तर म्हणाली ती थेट गावाच्या वेशीत. आवाज सुटले ते वाऱ्यासारखे, आणि ज्याच्या त्याच्या तोंडात जाऊन बसले. काय तो गलका! "आई! ए आई!" सगळी मुलं आपापल्या घरी धावली. दारं लागली. आत हसणं, रडणं, बोलणं, सगळं एकदम.

आणि रस्त्यात येसू एकटी उभी. तिला वाटलं, घुमाबाई बरोबरच म्हणत होती. मग ती खाली मान घालून राजवाड्याकडे चालू लागली.

"ए येसे!"

मागे भागी उभी होती. तोंडात भाकरीचा घास, नाक वाहतंय. "एकोणपन्नासला केवढी अडखळलीस गं! माझा आवाज तुझ्या मागेच होता ना, मला सगळं कळलं. एवढी घोडी झालीस! आठचा पण येत नसेल?"

"नाही येत," येसू म्हणाली.

"मग चल की घरी. खांबासारखी उभी काय राहिलीस? आई भाकऱ्या टाकतेय."

आवाज तोच होता, बरं का. दरीत तो कसा गोड गोड बोलायचा! इथे नुसता डाफरत होता. पण इथे त्या आवाजाला भागी होती. येसू हसली, रडली, आणि जी पळत सुटली ती भागीच्या चुलीपाशीच जाऊन थांबली.

काय म्हणतोस? घुमाबाईचं काय झालं? राहिली बिचारी दरीत, पुन्हा गप्प. पण एकटं राहणं काय असतं ते येसूला ठाऊक होतं. ती आणि भागी अधूनमधून कड्यावर उभ्या राहून पाढा म्हणायच्या, आणि घुमाबाई तो खालून परत म्हणायची. एकदाही चुकली नाही.

मग राजा घरी आला, मुलं मोठी झाली, आणि त्या गावात सगळे पोटभर जेवून एकमेकांना हाका मारत सुखाने राहिले. चला, पाय आत घ्या. मिटा डोळे.