पांढऱ्या भाताचं व्रत

“…मग देहाला बाहेरून काही लागतंच कशाला?”

मठाच्या पायऱ्या चढतानाच आबाजींचं बोलणं सुरू झालं होतं. वर येऊन टेकेपर्यंत त्यांच्या अंगात दम उरला नव्हता, तरी प्रश्न त्यांनी सोडला नाही. सून कांता एका हाताने त्यांना सावरत होती. दुसऱ्या हातावर तिचं तीन महिन्यांचं लेकरू होतं.

आबाजी गावचे जुने मालगुजार. तळं त्यांच्या आज्याने बांधलेलं, आणि तळ्याखालची धानाची शेतं अजून बरीचशी त्यांचीच. मठाच्या गादीवरच्या सुभद्राबाई त्यांच्या सुनेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. थोरल्या बाई गेल्या आणि गादी यांच्याकडे आली. मठात येण्याआधी त्या नर्सिंग शिकत होत्या. ही गोष्ट आबाजींनी मनातून त्यांना कधी माफ केली नव्हती.

पण शेवटचा उपदेश गादीवरूनच मिळतो, आणि गादीवर ही पोर बसलेली. काय करणार…

“तुम्ही देहाला काय देता?” बाईंनी विचारलं.

“भात.”

मग आबाजींनी तो भात सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला. कोंड्याचा कण उरू नये म्हणून गिरणीत पुन्हा पुन्हा पॉलिश केलेला तांदूळ. पाणी नितळ उतरेपर्यंत चोळून धुतलेला. शिजला की पेज निथळून फेकलेली. वर मिठाचा खडा. चातुर्मासात भाजी सोडली ती पुन्हा धरलीच नाही. मग डाळ सुटली, मग दूध. हिरव्यात जीव, डाळीत वासना, कोंड्यात मळ. वर्ष होत आलं होतं. गाव आता त्यांच्यापुढे वाकायचं ते मालगुजार म्हणून नव्हे, आणि हे आबाजींना फार सुखाचं वाटायचं.

“कोंड्याचं काय करता?”

“गुरांना घालतो.”

“गुरं कशी आहेत?”

“धष्टपुष्ट. या मुलखात तशी जनावरं नाहीत.”

बाईंनी मान हलवली.

आबाजींना वाटलं, हिला खूण पटवूनच द्यावी लागणार. त्यांनी देवापुढची जळती उदबत्ती उचलली आणि तिचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्यावर दाबून धरलं. कातडी करपल्याचा वास आला. आबाजी त्या पायाकडे दुसऱ्या कुणाच्या पायाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

“काही कळत नाही,” ते हळूच म्हणाले. “गुडघ्याखाली देह उरलाच नाही, बाई.”

“तुम्हाला कळलं नाही एवढंच. अंगठा जळायचा तो जळला.”

…

आबाजींनी उदबत्ती परत खोचली. ते सांगू लागले की हे त्यांच्या एकट्याचं राहिलेलं नाही, सगळ्या घराने व्रत उचललंय. मुलगा नागपुरात असतो, त्याचं तो पाहील. पण घरात दुसरं काही शिजत नाही. कांताच्या बाळंतपणातसुद्धा मेथी आली नाही, डिंक आला नाही, आणि तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. आणि हे लेकरू तर पाहा. रडत नाही. मौनी जन्माला आलंय.

तेवढ्यात लेकराने तोंड उघडलं. चेहरा जांभळा झाला, गळ्याच्या शिरा ताठल्या, मुठी वळल्या. सगळं रडण्याचंच होतं. फक्त आवाज नव्हता.

आबाजींनी हात जोडले.

बाई गादीवरून उठल्या. त्यांनी लेकरू घेतलं, छातीला कान लावला, सुजऱ्या पायावर अंगठा दाबून पाहिला. दाबलेली जागा खळगा पडून तशीच राहिली. दूध पितं का, असं त्यांनी कांताला विचारलं. कांताने मान हलवली. दोन घोट घेतं आणि थकतं.

“याचं हे मौन नाही, आबाजी. याचा आवाज गेलाय. आता लेकरूही जाईल.”

“तुम्ही नर्सबाईसारखं बोलताय.”

“हो.”

…

आबाजींना राग आला, आणि रागाखाली आणखी काहीतरी आलं, ते त्यांनी ओळखलं नाही. घरात कुणी उपाशी नाही, ते म्हणाले. पोटभर भात असतो. चिमूटभर पाल्यात असं काय असतं, की जे एवढ्या भातातून देहाला करून घेता येत नाही?

“देह पुष्कळ करतो,” बाई म्हणाल्या. “भाताची ऊब करतो, चरबी करतो, आसवं करतो. पण काही थोड्या गोष्टी त्याला करताच येत नाहीत. कितीही तप करा. त्या कोंड्यात असतात, पाल्यात असतात, डाळीत असतात. मातीतले क्षार असतात. ते आत आलं नाही, तर खाल्लेल्या भाताचंही काही होत नाही.”

“किती लागतं असं?”

“नखावर मावेल एवढं.”

“नखाएवढ्यापायी एवढा देह अडणार?”

“भरल्या गाडीच्या चाकाची खीळ केवढी असते?”

आबाजींच्या धानाच्या गाड्यांनी उभा रस्ता भरायचा. खीळ केवढी असते आणि ती निसटली की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“व्रत कुणी घेतलं?” बाईंनी विचारलं.

“मी. घरासाठी.”

“हिने?”

“ती घरातलीच.”

“तुम्ही सोडलंत. हिला मिळालं नाही. दोन्हीला व्रत म्हणू नका.”

असं म्हणून त्यांनी सकाळच्या भिक्षेची झोळी कांतापुढे ठेवली. घरोघरचं एकत्र झालेलं अन्न होतं. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी, कुणाकडचे उकडलेले चवळीचे दाणे.

“खा.”

कांताने सासऱ्याकडे पाहिलं. आबाजींनी डोळे मिटले. ही त्यांची नाही म्हणायची रीत होती, घरात सगळ्यांना ठाऊक होती.

कांता त्या मिटलेल्या डोळ्यांकडे थोडा वेळ पाहत राहिली…

आबाजींनी डोळे उघडले तेव्हा झोळी अर्धी झाली होती.

“आणखी आहे?” कांताने विचारलं.

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

दुपारी बाईंच्या निरोपावरून तालुक्याहून डॉक्टरीण आली. तिने लेकराला सुई दिली, कांताला दिली, आणि बाईंनी सांगितलं होतं तेच जरा जास्त चिडून सांगितलं. आबाजींनी सुई नाकारली. देहाशी आपला संबंध संपलाय, असं ते म्हणाले. डॉक्टरणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले.

कांता लेकराला घेऊन मठातच राहिली. आबाजीही राहिले, उपदेशासाठी. त्यांचा पांढरा भात वाड्यावरून डब्यातून यायचा. ते रोज विचारायचे, बाई रोज “बघू” म्हणायच्या आणि भिक्षेला निघून जायच्या.

आबाजी ओसरीवर माळ घेऊन बसत. माळ बोटांतून सुटून पडे आणि त्यांना कळत नसे. रिकामी बोटं जप करत राहत. हीसुद्धा प्रगतीच, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग एका सकाळी ते पायरीवरून पडले. आजूबाजूला कुणी नव्हतं. आपले पाय नेमके कुठे आहेत हे त्यांना पडल्या जागेवरून सांगता येईना. आणि आबाजींना भीती वाटली. देहापलीकडे गेलेल्या माणसाला भीती कशाची वाटते, हा प्रश्न मोठा होता. तो काही त्यांनी बाईंना विचारला नाही.

ते तसेच पडून असताना आतून आवाज आला.

आधी गंजल्या बिजागरीसारखा, घोगरा, तुटका. मग जरा सलग. मग लेकराने पुरता गळा मोकळा केला, आणि मठाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आबाजी उठले. भिंत धरून, पाय टाकतोय की नाही हे डोळ्यांनी पाहत पाहत, ते त्या आवाजाच्या दिशेने गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हा रडणं थांबलं होतं. लेकरू पदराखाली चटचट दूध पीत होतं. कांतापुढे ताट होतं. ती जेवत होती.

सासऱ्याच्या आधी ती आजवर कधी जेवली नव्हती. आताही ती उठली नाही.

ताटात भाकर होती, अंबाडीची भाजी होती. आंबट वासाने आबाजींच्या तोंडाला पाणी सुटलं.

ते चौकट धरून उभे राहिले. घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं की पुरत असे. ताट यायचं.

कांताने पुढचा घास घेतला.

आबाजी हलकेच खाकरले. घरी तेवढंही लागत नसे.

कांताने मान वर करून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हात ताटावर तसाच ठेवला…

विहिरीपाशी बाई झोळी धूत होत्या. पाठमोऱ्याच, मागे न वळता त्या म्हणाल्या,

“मागावं लागतं, आबाजी.”