वरून दिसलेली झाडी

झालं असं, की वाघोरे गावच्या नगरपंचायतीचा हवामान आराखडा परदेशातल्या एका संस्थेने केला, तोही उपग्रहाच्या फोटोवरून. त्या फोटोत माळवस्तीवर घरं नव्हतीच, नुसती हिरवी झाडी होती. म्हणून आराखड्यात तिथे हरित पट्टा दाखवला गेला, आणि मुख्याधिकारी साहेब नकाशा घेऊन वस्ती उठवायला आले.

शेवंता तान्ह्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. मागच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या धगीने तिची थोरली लेक गेली, तेव्हापासून सगळ्या वस्तीने आपापल्या पत्र्यावर दुधीचे वेल चढवले होते.

"साहेब, इथे राहतो आम्ही. मग आम्हाला कुणीच कसं विचारलं नाही?"

"बाई, जगातले मोठे तज्ज्ञ आहेत ते. हा हरित पट्टा त्यांनी ठरवलाय. इथलं पानसुद्धा तोडायचं नाही, अशी त्यांची अट आहे."

"पानसुद्धा नाही?"

"एकही नाही."

शेवंताने छपराकडे बोट केलं. "मग तुमची झाडी कशावर उभी आहे ते बघा. घर पाडलं की वेल मेला. अट मोडल्याचं त्या तज्ज्ञांना तुम्ही कळवता, का आम्ही कळवू?"

साहेबांच्या मागे उभे असलेले कारकून तोंड फिरवून हसले. साहेबांनी एकदा नकाशा पाहिला, एकदा छप्पर पाहिलं आणि निमूटपणे शेरा लिहिला, 'वेल आहेत तसे ठेवावेत.'

वस्ती वाचली. बायका शेवंताची पाठ थोपटू लागल्या, पण तिचं लक्ष नव्हतं.

"एक वर्ष आधी सुचायला हवा होता गं वेल," एवढंच ती म्हणाली, आणि बाळाचं कपाळ तापलंय का ते चाचपून पाहू लागली.