रंगरावांची मोठी चाकं

रंगराव साखर कारखान्याचे चेअरमन, आणि काय सांगू बाई, गाडीवर त्यांचा भारी जीव. भर थंडीत बायकोला घेऊन लेकीच्या सासरी निघाले, पार हिमाचलात. पुढं बर्फाचा घाट, म्हणून ड्रायव्हर जयाप्पानं पायथ्याच्या गॅरेजात मोठी चकचकीत चाकं काढून बर्फाच्या टायरांची लहान चाकं बसवली.

रंगराव चहा पिऊन आले न् भडकलेच. "व्याह्यांच्या दारात ही खुजी चाकं घेऊन उतरू? माझी लाव, नाहीतर नोकरी गेली समज!"

जयाप्पानं घाटाकडं बघितलं. सकाळीच असल्याच मोठ्या चाकांची एक गाडी तिथून दरीत गेली होती. मागच्या सीटवर बाईसाहेब भेदरून तोंडाला पदर लावून बसलेल्या. ऐकावं तर सगळ्यांचा जीव जाणार, न ऐकावं तर पोट.

"लावतो की, साहेब," तो म्हणाला, "पण खाली लावली तर चिखलाबर्फात माखतील, व्याह्यांना दिसायची कशी? टपावर बांधतो. सारं गाव मान वर करून बघंल. ही बारकी खाली राहतील हमालासारखी, त्यांना वाहून न्यायला."

रंगरावांनी एकदा घाटाकडं बघितलं, एकदा टपाकडं.

"मधोमध बांध," ते म्हणाले. "दोन्ही अंगानं दिसली पाहिजेत."