दोन रहाट

डोंगरापलीकडच्या एका राज्यात दोन सुतार भाऊ राहत. त्यांच्या गावची विहीर खोल होती. पाणी काढताना हात सुटला की रहाटाचा दांडा गरकन उलटा फिरे आणि कुणाचा तरी हात मोडे. थोरल्यानं तीन वर्षं खपून हात सुटला तरी उलट्या न फिरणाऱ्या रहाटाचा छोटा नमुना बनवला. तो पुरा झाला आणि आठवड्यातच थोरला तापानं गेला.

त्या राज्यात एक नमुनाघर होतं. नवं काही बनवलं की नमुना तिथं ठेवायचा, आणि राखणदार त्यावर करणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकायचा. धाकटा तेराव्याचं जेवण उरकताच नमुना उराशी धरून निघाला. दादाचं नाव तेवढं कुठंतरी राहावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"काका, पट्टी ठोका," तो राखणदाराला म्हणाला.

"आधी सगळी फडताळं बघ. मग 'असं इथं नाही' म्हण. तुझा शब्द मी मानेन."

"बघायचं काय? दादाच्या डोक्यातून निघालंय हे."

"धूर न होणाऱ्या सतरा चुली आहेत आत. सतराही जण म्हणाले, ही पहिलीच. जा, बघ."

धाकटा चरफडत आत गेला. तिसऱ्या फडताळात, धुळीत, एक रहाट होता. चाकाला दाते, दात्यांत अडकणारी खिट्टी. अगदी दादाच्यासारखाच. त्यानं तो उचलला आणि एका जात्यामागे ढकलून दिला.

बाहेर राखणदार छिन्नी घेऊन बसला होता. "बोल. मग नाव सांग."

धाकट्यानं तोंड उघडलं. पण आधी खोटं बोलायचं आणि लगेच दादाचं नाव घ्यायचं, हे काही त्याच्या जिभेला जमेना. तो तडक आत गेला, जुना रहाट आणून समोर ठेवला आणि मटकन बसला. "आहे. लपवला होता मी. दादाची तीन वर्षं फुकट गेली, काका."

राखणदारानं दोन्ही रहाट शेजारी ठेवले. दोन्हींवर पोहरे वर ओढले, मग खाली सोडले. पुन्हा ओढले, पुन्हा सोडले.

"हा जुना एका कुंभारणीचा. खाली सोडताना खिट्टी हातानं उचलावी लागते, दांड्यावर एकच हात उरतो. तुझ्या दादाची खिट्टी पायाखालच्या फळीनं उचलली जाते. दोन्ही हात दांड्यावरच."

"म्हणजे?"

"म्हणजे रहाट तिचा, फळी तुझ्या दादाची. नुसता तुझाच बघितला असता तर मलाही हे दिसलं नसतं. नाव सांग आता."

धाकट्यानं नाव सांगितलं. राखणदारानं पट्टी त्या फळीवरच ठोकली.

उठताना धाकट्यानं विचारलं, "ती कुंभारीण कुठल्या गावची?"

"का रे? भांडायला जातोस?"

"नाही. तिच्या विहिरीला फळी बसवून येतो."

तात्पर्य: आधी कुणी काय केलं ते डोळे उघडून पाहावं आणि खरं सांगावं, त्यातूनच आपलं नवं कोणतं ते कळतं.