आवडी गुरविणीचा बांध

फार वर्षांपूर्वी, खाडीला पूल नव्हता आणि पलीकडे हाक मारली तरच होडी यायची, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी आंबेखारी नावाचं गाव होतं. गावात जाखाईचं देऊळ होतं, आणि नवरा वारल्यापासून देवळातली पूजा आवडी गुरवीण करत होती.

त्या गावात कौलाशिवाय पान हलत नसे. पेरणी कधी करायची, मुलगी कुठे द्यायची, रुसलेल्या भावाशी बोलायचं की नाही, सगळं जाखाईला विचारायचं. आवडी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवी. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काम फळलं की लोक म्हणत, आम्ही केलं. फसलं की म्हणत, देवीचा कौल होता, आम्ही काय करणार? देवीला आंघोळ घालताना आवडीच्या मनात येई, किती ओझं टाकतात या बाईच्या खांद्यांवर.

एका श्रावणात डोंगर धुऊन काढणारा पाऊस लागला. गावाची भातशेती खाडीपासून राखायला मातीचा मोठा बांध होता. डोंगरातून आलेलं पाणी त्या बांधाशी अडलं. पाणी सोडायची उघाडी गाळानं बुजून गेली. पाणी मागे फिरलं आणि घरांत शिरलं. बांध फोडला तर घरं वाचणार होती, पण भरतीचं खारं पाणी आत येऊन शेतं नासणार होती.

सगळं गाव देवळात जमलं. आवडीनं कळ्या लावल्या. उजवी पडेना, डावीही पडेना. असं म्हणतात की वाऱ्यानं देवळाची कवाडं आपटत होती, पण देवीच्या खांद्यावरची कळी हलली नाही. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. पाणी पायरीला लागलं.

"कौल झाल्याबिगर बांधाला हात लावायचा नाय," गावचा म्होरक्या, गावकर दुलाजी, म्हणाला.

"ओहोटी सुरू आहे," आवडी म्हणाली. "आता फोडला तरच पाणी जाईल. भरती आली की कौल मिळूनही उपयोग नाय."

"पण देवी बोलत नाय ना."

"नाय बोलत. मग आपण बोलायला हवं."

सगळे कळ्यांकडेच बघत राहिले. तेव्हा आवडीनं कुदळ उचलली आणि छातीभर पाण्यातून बांधाकडे निघाली. देवीच्या सेवेसाठी मिळालेलं तिचं शेत बांधाला लागून होतं. तिनं तिथेच पहिला घाव घातला. पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून उभा केलेला तो बांध एका बाईच्या हातून, विडा चघळून होईपर्यंत फुटला, असं म्हणतात. पाणी गर्जत खाडीत गेलं. घरं वाचली, गोठे वाचले, एकही जीव गेला नाही.

मग भरती आली. खारं पाणी शेतांत पसरलं आणि हिरवंगार भात पिवळं पडलं.

गाव पुन्हा देवळात जमलं. लोकांचे डोळे लाल होते. दुलाजी तसा मायाळू माणूस. तो आवडीजवळ येऊन हळूच म्हणाला, "आवडी, तुझ्या अंगात वारं आलं होतं असं सांग. देवीनं फोडला म्हण. हेच लोक तुझ्या पाया पडतील."

आवडीला मोह झाला नसेल असं नाही. देऊळ गेलं तर तिला दुसरा आधार नव्हता. पण ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वारं आलं नव्हतं. मी शुद्धीत होते. घरं मी वाचवली आणि शेतंही मीच बुडवली. एक आपल्याकडे ठेवायचं नि दुसरं देवीवर ढकलायचं, हे मला जमायचं नाय."

असं म्हणतात की त्याच क्षणी देवीच्या खांद्यावर अजून चिकटून राहिलेली कळी पडली. कुणी सांगतं उजवी, कुणी सांगतं डावी. आवडीनं वळून पाहिलं नाही.

पूजा तिच्याकडून गेली. ती बांधावर खोपटं घालून राहिली आणि फुटलेल्या जागी रोज माती टाकू लागली. लोक येऊन शिव्या देत. ती म्हणे, "होय बाबा, मीच फोडला," आणि पुढची पाटी भरायला घेई. शिव्या देणारा मग परत जाई. असाच एक जण एकदा परत न जाता तिच्या शेजारी माती उचलू लागला. मग दुसरा आला, मग तिसरा. कौल लावायचं कुणालाच आठवलं नाही. बांध उभा राहिला. पावसांनी शेतांतलं मीठ धुऊन नेलं. आवडीच्या खोपटापाशी, त्या खाऱ्या मातीत, गोड्या पाण्याचा झरा फुटला असंही म्हणतात. खरंखोटं जाखाईला ठाऊक.

आंबेखारीत आजही कौल लावतात. पण गुरव आधी विचारतो, "तुझं मन काय सांगतं?" माणसानं ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "होईल ते माझ्या माथी, आवडीची आण." हे म्हटल्याशिवाय कळ्या लावत नाहीत. लग्नाचा कौल असला तर नवऱ्या मुलीला पुढे उभी करतात आणि तिलाच विचारतात. एखादी मान वर करून "मला नको" म्हणते. मग गुरव कळ्या पाण्यात सोडून देतो, आणि सगळे जेवायला घरी जातात.