हिरव्या लुगड्याची खाडी

वेळासरच्या धक्क्यावर उतरलं की उजव्या हाताला एक लहानशी खाडी लागते. तिच्या तोंडाशी, दोन खडकांच्या मध्ये, एक बांबू रोवलेला आहे आणि त्यावर हिरवं लुगडं फडफडत असतं. पाहुणे हटकून विचारतात, हा झेंडा कुठल्या पक्षाचा? धक्क्यावर जाळं विणत बसलेले हरबा नाखवा हातातलं जाळं मांडीवर ठेवतात. "मतं मागणारा नाय तो," म्हणतात, आणि सांगायला बसतात.

फार जुनी गोष्ट म्हणे. दर्या गावावर रुसला होता. तसा तो उगाच कशाला रुसेल? गावाने इतकी मासळी ओढली होती, की खाऊन उरलेली माडांच्या मुळाशी पुरावी लागली. मग होड्या रिकाम्या परतू लागल्या. मासळी उरली ती एवढ्या खाडीत. पावसाच्या तोंडावर जिताडे तिथे अंडी घालायला येत. पुढच्या भरतीला खाडीचं तोंड जाळ्यांनी बंद करायचं आणि असेल नसेल ते काढायचं, असं गावाने ठरवलं.

त्याच सुमाराला पोसूबाईची लेक आवडी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोसूबाई एकटी बाई, घरात नाचणीच्या पेजेवाचून काही नाही. लेक डोळ्यांदेखत वाळत होती. आईचा जीव तुटायचा. म्हणून ती सर्वांच्या आधीच खाडीत उतरली आणि एक जिताडा घेऊन आली. विळीवर चिरला, तर पोट अंड्यांच्या गाबोळीने गच्च भरलेलं. आवडी शेजारीच बसली होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, ही पण माहेराला आलेली."

पोसूबाईचा हात थांबला. तिने तो मासा शिजवून लेकीला खाऊ घातला, मेलेल्याला पाण्यात टाकून काय होणार? पण मग तिने पेटी उघडली. आवडीच्या ओटीसाठी जपलेलं हिरवं लुगडं काढलं आणि खाडीच्या तोंडाशी बांबूला नेऊन बांधलं.

भरतीबरोबर होड्या आल्या. गावपाटील संतापला. तुझी पोर काय खाणार, असं त्याने विचारलं म्हणतात.

पोसूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. "माझी खाईल पेज," ती म्हणाली. "पण भरल्या पोटी आलेली लेक दारातून कोण परत धाडतं, पाटला?"

बाळंतपणाच्या ओटीचं लुगडं ओलांडील असा नाखवा त्या किनाऱ्यावर नव्हता. होड्या वळल्या. पण त्या पावसात पोसूबाईला कोणी चुलीला विस्तवही दिला नाही. गावाने कालवं फोडून दिवस काढले. आवडीला मुलगी झाली, अगदी किडकिडीत. जगते की नाही, या काळजीने पोसूबाईचा डोळ्याला डोळा लागत नसे.

पाऊस सरला. खाडीतून पिल्लं दर्यात उतरली, आणि काही वर्षांत होड्या पुन्हा भरून येऊ लागल्या. किडकिडीत पोर तोवर वाळूत धावत होती. पहिल्या भरल्या होडीतला पहिला जिताडा पाटलाने स्वतः पोसूबाईच्या दारात आणून ठेवला, असं सांगतात.

आजही त्या खाडीत जाळं पडत नाही. गावात पहिलटकरीण माहेरी आली, की तिच्या ओटीचं लुगडं आधी तिथे चढतं.

"यंदाचं माझ्या नातीचं हाय," हरबा सांगतात, आणि जाळं पुन्हा हातात घेतात.